शाल, श्रीफळ आणि सायटेशन

आठ मार्चचा कार्यक्रम युनिटमध्ये कसा ठरतो हे फौजेतल्या माणसाला सांगायला नको. फेब्रुवारीच्या शेवटी वरून पत्र येतं. ॲडज्युटंट मागच्या वर्षीची फाइल काढतो, तारीख बदलतो आणि सुभेदार मेजर साहेबांना बोलावून शामियाना, सोफे, चहा-समोसे आणि फोटो काढणारा जवान अशी कामं वाटून टाकतो. उरते ती 'स्थानिक कर्तबगार महिलां'ची यादी. ती ब्लॉकच्या ऑफिसातून मागवायची. दहा नावं येतात, त्या हिशेबाने दहा शाली आणि दहा स्मृतिचिन्हं येतात. २०२२ साली जोशीमठला कमांडिंग ऑफिसर असताना माझ्या हातून असाच एक कार्यक्रम झाला. नारळ तेवढी माझी भर. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला श्रीफळाशिवाय सत्कार पुरा झाल्यासारखा वाटत नाही.

सातव्या की आठव्या क्रमांकावर एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, धौलीगंगेच्या खोऱ्यातल्या एका गावच्या महिला मंगल दलाच्या अध्यक्ष. त्यांचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांची परवानगी घेतलेली नाही. त्यांनी शाल खांद्यावर घेतली, नारळ हातात घेतला, आणि फोटोसाठी वळायच्या आधी माइक समोर आहे हे बघून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "साहब, शाल तो ठीक है। यहाँ ठंड है, काम आ जाएगी। पर आपकी कैंटीन की बोतल का कुछ कीजिए।"

पहिल्या रांगेत हशा पिकला. मीही हसलो. मागे बसलेल्या बायका मात्र हसल्या नव्हत्या, हे मला नंतर फोटो बघताना दिसलं.

बोतल म्हणजे काय ते माजी सैनिकांना कळलंच असेल. निवृत्तीनंतरही कॅन्टीनमधून हुद्द्याप्रमाणे महिन्याचा दारूचा कोटा मिळतो, बाजारापेक्षा बऱ्याच कमी भावात. चमोली जिल्ह्यात अशी गावं आहेत की घरटी एक तरी माणूस फौजेत आहे किंवा होता. स्वतः न पिणारा आपला कोटा विकतो. पिणारा दुसऱ्याचा विकत घेतो. पेन्शन जमा झाली आणि कॅन्टीनची गाडी येऊन गेली की पुढचे चार दिवस गावात काय चालतं, ते बायकांना विचारावं. यात गढवालचं वेगळं काही नाही. माझ्या गावी विहिरीच्या मोटरचा फ्यूज बदलायला येणाऱ्या वायरमनपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांची कामं 'कोट्याच्या बाटली'वर होत असलेली मी लहानपणी पाहिली आहेत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आपल्याकडे निदान गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांना मतदान करता येतं, उभी बाटली की आडवी बाटली. पण कोट्याची बाटली हे काही दुकान नव्हे. तिला आडवी करायला कुठली मतपेटी आणणार?

गढवालला या भांडणाचा इतिहासही आहे. टिंचरी माई हे नाव तिथे अजून घेतात. ती एका सैनिकाची विधवा. नंतर संन्यासिनी झाली. औषधाच्या नावाखाली विकली जाणारी 'टिंचरी' पिऊन घरं बुडत होती, तेव्हा तिने पौडीतलं तिच्या विक्रीचं दुकान पेटवून दिलं. त्यावरूनच तिचं नाव पडलं. म्हणजे माझ्यासमोर माइकवर बोललेल्या बाई काही नवीन बोलत नव्हत्या. फौजेचं घर आणि दारूची बाटली यांचं नातं तिथल्या बायकांना माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी उरलेलं एक स्मृतिचिन्ह माझ्या टेबलावर ठेवलेलं होतं. एक बाई आल्याच नव्हत्या, त्यांचं. त्यावर लिहिलं होतं, 'महिला सशक्तीकरण एवं समाज सेवा में उत्कृष्ट योगदान हेतु'. दहाही स्मृतिचिन्हांवर हेच वाक्य होतं. मी ॲडज्युटंटला विचारलं, त्या बोतलवाल्या बाईंनी नेमकं केलं काय आहे? त्याला माहीत नव्हतं. ब्लॉकच्या यादीत नुसतं 'अध्यक्ष, महिला मंगल दल' असं होतं. शेवटी त्या भागातल्या कंपनीच्या एका हवालदाराने सांगितलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये उत्तराखंडची जंगलं किती ठिकाणी पेटली होती ते तेव्हा पेपरांत आलं होतं. पाणी टाकायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली होती. त्याच दिवसांत या गावच्या वन पंचायतीच्या जंगलाला आग लागली. वन पंचायत म्हणजे गावाने स्वतः राखायचं जंगल. ब्रिटिशांच्या काळात, १९३१ साली ही पद्धत सुरू झाली. चारा तिथला, सरपण तिथलं. रात्री वारा फिरला आणि आग गावाच्या बाजूने उतरू लागली. या बाई आणि दलातल्या बायका दरांत्या घेऊन वर गेल्या. ओल्या फांद्या तोडून आग झोडपत राहिल्या, वाळलेला पाला ओढून मोकळा पट्टा केला, आणि दोन रात्री तिथेच काढल्या. हवालदार म्हणाला, "सर, हम लोग दूसरे दिन दोपहर में पहुँचे। हमने तो राख बुझाई।"

हे घडलं तेव्हा मी युनिटमध्ये आलो नव्हतो, पण ही काही सबब नाही. माझ्याच जवानांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आमच्या कुठल्याही कागदावर नव्हती, आणि वर्षभराने त्याच बाईंना आम्ही कशाबद्दल ते न कळता शाल दिली.

आता मला काय म्हणायचं आहे ते सांगतो. एखाद्या जवानाची सेना मेडलसाठी शिफारस करायची तर आम्ही काय करतो? सायटेशन लिहितो. तारीख, वेळ, जागा. शत्रू कुठे होता, हा कुठे होता, त्याने काय केलं, ते कोणी पाहिलं. प्रत्यक्षदर्शींचे जबाब जोडतो. 'अतुलनीय धैर्य दाखवले' एवढंच लिहिलं तर वरचं हेडक्वार्टर कागद परत पाठवतं, आणि बरोबर करतं. माझं एक सायटेशन तीनदा परत आलं होतं, कारण ग्रेनेड कुठल्या खोलीत पडला ते मी स्पष्ट लिहिलं नव्हतं. तेव्हा चिडलो होतो. आज वाटतं, त्या पोराचा खरा मान त्या तीन फेऱ्यांत होता. चार माणसांनी बसून, त्याने नेमकं काय केलं हे समजून घेतलं.

गावातल्या बाईचा सत्कार करताना हीच शिस्त आपण का सोडतो? माझं म्हणणं सरळ आहे. पाच ओळींचं सायटेशन लिहिता येत नसेल तर सत्कार करू नये. चहाला बोलवावं, गप्पा माराव्यात, घरी सोडावं. त्यात कमीपणा काही नाही. पण शाल घालायची तर ती कशासाठी ते आधी जाऊन विचारावं, पाहणाऱ्याला विचारावं, आणि तिच्यासमोर मोठ्याने वाचावं.

यादीचा घोळही यातूनच निघतो. त्या दहांत एक ग्रामप्रधान होत्या. उत्तराखंडात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. त्यांचा सत्कार झाल्यावर आभाराचं भाषण त्यांच्या यजमानांनी केलं. आपल्याकडे सरपंचपती, तिकडे प्रधानपती. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सायटेशन लिहायला बसलो असतो तर पहिल्याच ओळीला अडलो असतो.

जोशीमठहून मलारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर रेणी गाव आहे, ऋषिगंगा जिथे धौलीगंगेला मिळते तिथे. कॅप्टन असताना मी या रस्त्याने कॉन्व्हॉय घेऊन कितीतरी वेळा गेलो. रेणी म्हणजे माझ्या दृष्टीने एक वळण होतं, जिथे मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं. चिपको म्हणजे सुंदरलाल बहुगुणा, इतकंच शाळेत शिकलो होतो. गावकऱ्यांना संघटित करणाऱ्या चंडीप्रसाद भट्टांना १९८२ साली मॅगसेसे मिळालं, बहुगुणांना २००९ मध्ये पद्मविभूषण. दोघंही त्या मानाला पात्रच. पण २६ मार्च १९७४ ला रेणीच्या जंगलात ठेकेदाराचे मजूर कुऱ्हाडी घेऊन शिरले, तेव्हा तिथे यांपैकी कोणी नव्हतं. तिथे गावच्या महिला मंगल दलाच्या अध्यक्ष गौरा देवी होत्या. बाविसाव्या वर्षी विधवा झालेली बाई. एक मुलगी धावत सांगत आली, तशा त्या २७ बायका-मुलींना घेऊन जंगलात गेल्या आणि झाडांना बिलगून उभ्या राहिल्या. लिलाव झाला होता सुमारे अडीच हजार झाडांचा. जंगल म्हणजे आमचं माहेर, असं त्यांचं म्हणणं होतं. मराठी बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. त्या हटल्या नाहीत. मजूर परत गेले. पुढे सरकारने समिती नेमली आणि ऋषिगंगेच्या पाणलोटातली वृक्षतोड थांबवली.

त्या दिवशी गावात पुरुष नव्हते, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. का नव्हते, ते मला वयाची चाळिशी उलटल्यावर कळलं. १९६२ नंतर सीमेवरच्या या खोऱ्यात सैन्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या होत्या. त्याची भरपाई वर्षानुवर्षं रखडली होती. ती द्यायला माणसांना नेमकं त्याच दिवशी चमोलीला बोलावलं होतं. म्हणजे झाडं वाचवायला बायकांना एकटं उभं राहावं लागलं, त्यामागे आमच्या खात्याच्या जमिनीचे पैसे होते. खडकवासल्याला आणि नंतरही मलारीचा रस्ता, त्याच्या खिंडी, त्यावरचे पूल नकाशावर मी पाठ केले होते. ही गोष्ट कुठल्याच नकाशावर नव्हती.

गौरा देवी १९९१ मध्ये गेल्या. पुढे गावात त्यांचं स्मारक झालं, पुतळा बसला. ७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषिगंगेला तो भयंकर पूर आला. दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, रेणीचा वीजप्रकल्प गेला, मलारीच्या रस्त्यावरचा पूल गेला. महिनाभरात बेली पूल उभा राहिला, कारण सीमेकडे जाणारी वाट तीच. त्या जूनमध्ये पावसाने गावाखालचा उतार खचला, रस्ताच तुटला. नवी वाट काढायला जागा हवी होती. गौरा देवींचा पुतळा काढून जोशीमठला नेला. तो काढताना गावातल्या बायका रडल्या, असं मला तिथल्या दुकानदाराने सांगितलं. रस्ता हवाच होता, त्याबद्दल मी वाद घालणार नाही. वर चौक्यांवर माझीच पोरं बसली होती, त्यांचं रेशन त्याच रस्त्याने जात होतं. पण दुसऱ्या वेळेला रेणीच्या वळणावर थांबलो तेव्हा मागच्या गाडीकडे माझं लक्ष नव्हतं. पुतळा जाग्यावर असताना मी एकदाही गाडीतून उतरलो नव्हतो.

आणि त्या सत्तावीस जणींपैकी एकीचंही नाव मला माहीत नव्हतं.

नावांवरून भुजच्या माधापर गावची आठवण होते. ही गोष्ट २०२१ च्या सिनेमामुळे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. १९७१ च्या डिसेंबरमध्ये पाकिस्तानी विमानांनी भुजची धावपट्टी उखडली. स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक हे आपले मराठी अधिकारी तिथे प्रमुख होते. माधापरच्या सुमारे ३०० बायकांनी बहात्तर तासांत धावपट्टी पुन्हा उभी केली. सायरन वाजला की झुडपांत लपायचं, थांबला की परत घमेलं उचलायचं. त्यांना ५० हजार रुपयांचं बक्षीस मिळालं, ते त्यांनी वाटून घेतलं नाही, गावच्या सभागृहाला दिलं. गावात त्यांचं स्मारक झालं ते २०१५ मध्ये. चव्वेचाळीस वर्षांनी. विशीतली पोर तोवर साठीच्या पलीकडे गेली, आणि त्यातल्या किती जणी तोवर उरल्या नव्हत्या. आमच्या पलटणीत एखाद्याचं पदक चव्वेचाळीस वर्षं रखडलं असतं तर आपण माजी सैनिकांनी काय रान उठवलं असतं!

माझ्या या आग्रहावर एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने मला सुनावलं होतं, की अरे, हे सद्भावनेचे कार्यक्रम आहेत, परमवीर चक्र नव्हे. दोन माणसं जवळ येतात, फोटो होतो, बस. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. शिवाय जाहीर सत्कार सगळीकडे भल्याचाच असतो असंही नाही. काश्मीरमध्ये एका मुख्याध्यापिकेने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मला स्टेजवर बोलावू नका, शाळेचं छत तेवढं करून द्या. तिथे नाव न घेणं हाच तिचा मान होता. पण हेसुद्धा तिला विचारलं म्हणून कळलं.

बोतलचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. फार काही झालं नाही. कोटा हा माजी सैनिकाचा हक्क आहे, तो बंद करणं माझ्या हातात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तसं करावं असं मला वाटतही नव्हतं. सुभेदार मेजर साहेबांनी खोऱ्यातल्या माजी सैनिकांची बैठक बोलावली आणि त्या बाईंना बोलायला उभं केलं. एक निवृत्त सुभेदार भडकले, की देशासाठी तीस वर्षं दिली, आता म्हातारपणी बायका आमची बाटली मोजणार का? बाई शांतपणे म्हणाल्या, पिणाऱ्याची नाही मोजणार, विकणाऱ्याची मोजणार. शेवटी दोन गोष्टी ठरल्या. कार्ड ज्याचं त्यानेच येऊन बाटली घ्यायची, एकाने दहा कार्डं आणायची नाहीत. आणि गाडी पेन्शनच्या आठवड्यात यायची नाही. काही महिने हे बरं चाललं, मग एक-दोन गावांत पुन्हा पहिल्यासारखं झालं. त्या बाईंच्या गावात टिकलं, कारण गाडी आली की दलातल्या दोघी स्वेटर विणत समोर बसत.

२०२३ चा आठ मार्च आला तेव्हा शामियान्याचा विषयच नव्हता. जानेवारीपासून जोशीमठ खचत होतं. शेकडो घरांना तडे गेले होते, माणसं हॉटेलांत आणि नातेवाइकांकडे राहत होती. सत्काराच्या मूडमध्ये कोणी नव्हतं, आम्हीही नव्हतो. ॲडज्युटंटने विचारलं, रद्द करायचं का? मी म्हटलं, एकच करू, आणि गावात जाऊन करू.

त्या हवालदाराचा जबाब घेतला. दोन दिवस बसून सायटेशन लिहिलं. माझ्या पत्नीला फोनवर वाचून दाखवलं. वीस वर्षं असल्या कार्यक्रमांना ती आली आहे, आणि तिच्या ट्रंकेत अशा शालींची एक थप्पी आहे, त्यातली एकही तिने पांघरलेली नाही. ती म्हणाली, शाल नेऊ नका. म्हणून आग झोडपायची अवजारं आणि डोक्याला लावायचे टॉर्च नेले, दलासाठी.

शाळेच्या अंगणात खुर्च्यासुद्धा नव्हत्या. बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या, काहींच्या पाठीवर गवताचे भारे अजून तसेच होते. मी सायटेशन वाचायला सुरुवात केली. कुठलं जंगल, कुठल्या धारेवरून आग उतरली, वारा कधी फिरला. सगळ्या गप्प ऐकत होत्या. 'दल की चौदह महिलाओं ने' असं वाचलं, तशा बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सत्रह थीं, साहब।"

मी थांबलो. हवालदाराने माझ्याकडे बघितलं. त्याने आग विझल्यावर खाली उतरताना मोजलेल्या चौदा होत्या. बाई उठल्या आणि बोटांवर मोजत नावं घेऊ लागल्या. शेवटची तीन नावं अशी होती, की एक तेव्हा माहेरपणाला आली होती, एक पंधरा वर्षांची होती, आणि एक म्हातारी वर जाऊ शकत नव्हती म्हणून दोन्ही रात्री खालून पाण्याचे डबे भरून अर्ध्या वाटेपर्यंत देत राहिली होती. मी खिशातून पेन काढलं, चौदा खोडून सतरा केलं, आणि कागदाच्या कडेला ती तीन नावं लिहून घेतली. म्हातारी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. तिचं नाव मी चुकीचं लिहिलं, तर शेजारच्या मुलीने माझ्या हातातून पेन घेऊन ते दुरुस्त केलं. मग मी पहिल्यापासून वाचायला घेतलं.